आधी लादीवाला

स्वयंपाकघराचं काम काढलं की घरात वाद होतात रंगावरून आणि साइटवर होतात क्रमावरून. सुतार म्हणतो, आधी लादी होऊन जाऊ द्या, मग मी मापं घेतो. लादीवाला म्हणतो, आधी सुताराला उरकू द्या; त्याचे हातोडे माझ्या नव्या लादीवर पडणार आणि बोलणी मी खाणार. प्लंबर दोघांच्याही आधी येऊन भिंत फोडून गेलेला असतो. ग्रॅनाइटवाला फोन उचलत नाही. आणि गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत असतं.

ठाणे-डोंबिवली पट्ट्यात मी किचनची कामं घेते. सिव्हिलचा डिप्लोमा, मग एका आर्किटेक्टकडे उमेदवारी, मग स्वतःचं. या प्रश्नावर माझं मत आता पक्कं झालंय. आपल्याकडच्या घरांत आधी लादी, आणि तीही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कॅबिनेटखालची जागा न सोडता. याला अपवाद आहेत आणि ते मी स्वतः केलेही आहेत. पण गिऱ्हाइकानं नुसतं ‘आधी काय?’ एवढंच विचारलं, तर मी लादीवाल्याला फोन लावते.

डोंबिवली पूर्वेच्या एका काका-काकूंच्या घरी हा प्रश्न जितका रंगला तितका दुसरीकडे कुठे रंगला नाही. ऐंशीच्या दशकातली इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. काका रेल्वेतून निवृत्त, मुलगा न्यू जर्सीला. स्वयंपाकघर आठ बाय दहा, त्याला लागून छोटी गॅलरी. घरात दीड दिवसाचा गणपती येतो, त्यामुळे काम त्याआधी संपलंच पाहिजे ही पहिली अट. सोसायटीची दुसरी: दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद.

त्या काळच्या इमारतींमधली जमीन मी पायानंच ओळखते. मूळ लादी मोझॅकची, दहा इंची चौकोनी, जवळजवळ इंचभर जाड, जागेवर मशीन फिरवून घासलेली. तिच्याखाली दीड-दोन इंच सिमेंट-रेतीचा माल. ओटा कडप्प्याचा. उभे कडप्पे जमिनीत रोवलेले, त्यांवर आडवी फळी, आणि मोझॅक त्या उभ्या कडप्प्यांना येऊन भिडलेलं. पुढे कधीतरी मोझॅकवर बारा बाय बाराच्या पांढऱ्या सिरॅमिक लाद्या चढल्या. मग ओट्याच्या खणांत स्टीलच्या ट्रॉल्या आल्या. दर पिढीनं आधीच्या पिढीचं काहीही न काढता वर आपला थर चढवला होता. त्यामुळे काकूंचं स्वयंपाकघर हॉलपेक्षा इंचभर उंच झालं होतं आणि दारात एक ठेच तयार झाली होती. काकांचा गुडघा तिथे रोज एकदा तरी कुरकुरायचा.

काकूंना नवं हवं होतं ते मॉड्युलर: पायांवर उभी कॅबिनेटं, वर ग्रॅनाइट, खाली नवी व्हिट्रिफाइड लादी. मी क्रम सांगितला. जुनं सगळं फोडायचं, प्लंबिंग, लादी, मग कॅबिनेटं, ग्रॅनाइट आणि शेवटी ओट्यावरच्या भिंतीच्या टाइल्स.

काकांनी वही काढली. ओटा एल आकाराचा, एका भिंतीला नऊ फूट, दुसरीला सहा, खोली दोन फूट. कोपरा दोनदा मोजायचा नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलं. म्हणजे २६ चौरस फूट. ऐंशीतले सव्वीस, जवळजवळ तिसरा हिस्सा. ‘जी लादी मरेपर्यंत कुणी बघणार नाही, तिचे साठ रुपये फुटानं १,५६० रुपये मी का द्यायचे?’ हिशेबात खोट काढायला जागा नव्हती.

रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल. तो म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे आधी कॅबिनेट बसवतात आणि फ्लोअर मागून येतं. तुम्ही उलटं का करताय?’ वडिलांचा पैशाचा मुद्दा होता, त्याला आता तंत्राचंही बळ मिळालं.

मुलगा चुकीचं सांगत नव्हता. तिकडच्या बऱ्याच घरांत जमीनच लाकडाची असते. आडव्या लाकडी तुळयांवर प्लायवुड आणि त्यावर पाऊण इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या. पट्टी महाग, मग ती कॅबिनेटखाली कशाला पुरायची? शिवाय एकमेकींत खटकन अडकवायच्या पट्ट्यांचं फ्लोअर असेल, तर त्यावर जड कॅबिनेट ठेवायचंच नसतं. अशी जमीन खालच्या थराला चिकटवलेली नसते, ती नुसती अंथरलेली असते. हवेतल्या दमटपणानं आणि उष्णतेनं ती फुगते, आकसते. म्हणून भिंतीपाशी आठ-दहा मिलिमीटर फट सोडतात. एका बाजूला दोन-तीनशे किलोचं कॅबिनेट आणि दगड बसवला की तिची ती हालचाल अडते, आणि मग सांधे उघडतात नाहीतर मधेच फुगवटा येतो.

तो ज्या जमिनीबद्दल बोलत होता तिच्यासाठी त्याचा क्रम बरोबर होता. काकूंची जमीन सिमेंटच्या स्लॅबची होती, लादी मालात बसणार होती, एकदा बसली की हलणार नव्हती. आणि काकूंच्या स्वयंपाकघरात रोज पाणी सांडणार होतं.

पाण्याचं मी जरा सविस्तर सांगते, कारण माझं मत त्यानंच घडवलंय. आपण ओटा धुतो. नुसता पुसत नाही, तांब्यानं पाणी घालून धुतो. जमीन ओल्या फडक्यानं पुसतो, सणाच्या आधी खराट्यानं धुतो. सिंकखालच्या पाइपाचा आटा कधी ना कधी सैल होतोच. कॅबिनेटखाली लादी मागच्या भिंतीपर्यंत असेल, तर गळलेलं पाणी लादीवरून पसरतं, समोरच्या स्कर्टिंगखालून बाहेर येतं आणि कुणाच्या तरी पायाला लागतं. आत लादी नसेल तर ते उघड्या मालात मुरतं. माल महिनोन्‌महिने पाणी पीत राहतो आणि वरच्या घरात कुणाला पत्ता नसतो. पहिली खबर येते ती खालच्या मजल्यावरून, त्यांच्या छताला पिवळा डाग पडला की. मग सोसायटीची मीटिंग, मग ‘तुमचं की आमचं’. खालच्यांकडे रंग काढून द्यायचा खर्च आला की काकांच्या १,५६० रुपयांचं काय होतं, ते मी त्यांना वहीतच लिहून दाखवलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती गिऱ्हाइकाला सहसा सुचत नाही. सिंकच्या बाजूला लादीखाली वॉटरप्रूफिंगचा थर द्यायचा आणि तो भिंतीवर फूटभर वर घ्यायचा. तो नीट झालाय का हे बघायला पाणी भरून दिवसभर ठेवावं लागतं आणि खालच्या घरी जाऊन छत बघून यावं लागतं. हे खोली रिकामी असतानाच होतं. प्लायवुडची कॅबिनेटं उभी राहिल्यावर कोण पाणी भरून ठेवणार?

काकूंचा मुद्दा सगळ्यात साधा आणि बिनतोड होता. पाइप गॅस त्यांच्या इमारतीत अजून आलेला नव्हता. ‘अगं, सिलिंडर कशावर ठेवायचा मग?’ भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, त्यातला १४.२ किलो गॅस, बाकी लोखंड. तो प्लायवुडच्या तळावर ठेवला तर तळ बसतो. म्हणून त्या खणाला तळच देत नाहीत, सिलिंडर चाकांच्या स्टँडवर थेट जमिनीवर उभा असतो आणि सरकवून बाहेर काढतात. खाली लादी नसेल तर चाकं उखडलेल्या मालात रुतणार आणि बाहेर येताना लादीच्या काठाला अडणार. हे काकूंनी एका वाक्यात सांगितलं होतं, मला ते समजवायला एवढी जागा लागली.

शेवटी तडजोड झाली ती आमच्या धंद्यात नेहमी होते तीच. आधी लादी, पूर्ण, पण कॅबिनेटखालच्या पट्ट्यात दुकानात पडून असलेल्या उरल्यासुरल्या लाद्या, वेगवेगळ्या रंगांच्या, निम्म्याहून कमी दरात. अट एकच: जाडी तीच आणि लेव्हल तीच. सिलिंडरच्या खणात मात्र चांगली लादी, कारण तो खण रोज उघडणार. काकांनी वही मिटली. मुलानं दुसरा विषय काढला, डिशवॉशरचा. त्याकडे मी येतेच.

फोडायला सुरुवात झाली तेव्हा दोन थरांखाली तिसरा निघाला नाही याचाच आनंद. सिरॅमिक, तिचा माल, मोझॅक, तिचा माल असा एकूण चारेक इंचांचा ऐवज निघाला. मालाचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही. दोन इंचांचा थर दर चौरस फुटाला नऊ-दहा किलो भरतो. तेवढ्या खोलीत तो एकच थर पाऊण टन. वर लाद्यांवर लाद्या चढवत जाणाऱ्या माणसाला मी हा आकडा आवर्जून सांगते. डेब्रिजच्या गोण्या माणसांनी पाठीवरून उतरवल्या, कारण लिफ्ट नव्हती. कडप्पे उपटले तिथे खोल खाचा पडल्या होत्या, त्या आधी भरून घेतल्या. जुनी जमीन एका कोपऱ्याकडे उतरती होती. तिथे पूर्वी मोरी होती हे काकूंनी तेव्हा सांगितलं.

मग मी भिंतीवर रेघ मारून घेतली. माझ्या लेखी किचनचं काम तिथून सुरू होतं. पारदर्शक नळीत पाणी भरून, आता लेझर घेऊन, चारी भिंतींवर एकच आडवी रेघ. तयार लादीच्या वरच्या पृष्ठभागापासून बरोबर एक मीटर. लादी अजून दुकानात आहे, पण तिची उंची भिंतीवर आली. यापुढे कुणीही खालून वर मोजायचं नाही. सगळ्यांनी रेघेपासून खाली मोजायचं, प्लंबरनंसुद्धा.

सुतार आणि लादीवाल्याच्या भांडणाचं मूळ मला इथेच दिसतं. कॅबिनेटचा सांगाडा साधारण ७२ सेंटिमीटर, पाय १०, ग्रॅनाइट दोन. ओटा झाला ८४ सेंटिमीटरचा, म्हणजे ३३ इंच. ही बेरीज जमिनीपासून सुरू होते. जमीन तयार नसेल तर सुतार स्लॅबपासून मोजतो, किंवा लादीवाल्याच्या ‘दोन इंच येईल’ या शब्दावर विसंबतो. मग दोन इंचांचे अडीच होतात. मालाची जाडी मिस्त्रीच्या थापीवर आणि स्लॅबच्या लाटांवर ठरते. अर्धा इंच इकडेतिकडे झाला की ओटा बुटका होतो, नळाचा पॉइंट ग्रॅनाइटमागे दडतो आणि वरच्या टाइल्सची शेवटची ओळ कापावी लागते. पायांना फिरवून उंची कमीजास्त करायची सोय असते, पण ती जमिनीतली किरकोळ चढउतार सांभाळायला. मागचे पाय खड्ड्यात आणि पुढचे लादीवर, हे तिचं काम नाही.

काकूंची उंची पाच फुटांच्या आत. त्यांना ३३ इंच जास्त होत होते. कणीक मळताना खांदे वर जात होते. कोपरापासून चार-सहा इंच खाली ओटा असावा, या हिशेबानं आम्ही ३२ वर आलो, सांगाडा त्या मापाचा करून घेतला. आणि मुलाचा डिशवॉशर तिथेच अडला. उभा डिशवॉशर ८५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. वरचं झाकण काढता येणारं मॉडेल घेतलं तरी ८२ लागतात. ३२ इंची ओट्याखाली ग्रॅनाइट वजा जाता ७९ उरत होते. मुलाला आईची भांडी घासायची दगदग कमी करायची होती, आईला खांदे दुखवून घ्यायचे नव्हते. ‘तो तिकडे असतो, ओट्याशी मी उभी राहणार,’ काकू म्हणाल्या. मग डिशवॉशर गॅलरीत, वॉशिंग मशीनशेजारी. पाणी आणि निचरा दोन्ही तिथे आयते होते.

लादी बसली, हॉलच्या लेव्हलला आणि मोरीचा उतार काढून. दारातली ठेच गेली. मी नाण्यानं एकेक लादी वाजवून घेतली. पोकळ वाजणारी लादी मोकळ्या जागेत असेल तर एक वेळ चालते, कॅबिनेटच्या पायाखाली चालत नाही. ग्रॅनाइटचं वजन फुटाला पाचेक किलो, वर डबे, मिक्सर, पाण्याचं पिंप. ते सगळं चार बोटांच्या पायांवर येतं.

सुताराला लगेच आत सोडायचं नसतं. माल पक्का व्हायला दिवस द्यायचे, पाणी मारायचं. मग लादीवर प्लास्टिक अंथरून त्यावर पीओपीचा थर ओतायचा. लादीवाल्याची भीती खरी असते. स्क्रू पायाखाली येतो, लॅमिनेट चिकटवायचं सोल्यूशन सांडतं, ग्रॅनाइट कापताना राखाडी चिखल होतो. हा थर ते सगळं अंगावर घेतो आणि शेवटच्या दिवशी खरवडून काढता येतो. काही गिऱ्हाइकं हा खर्च वाचवायला जुनी वर्तमानपत्रं टाकतात. त्यांच्याकडे मी मुद्दाम लेखी घेते.

पुढचं पटापट झालं. तयार जमिनीवर सुतारानं उंचवट्याची जागा शोधली, पहिलं कॅबिनेट तिथे उभं केलं आणि बाकीची त्याला मिळवत नेली. भिंती गुण्यात नव्हत्या, दहा फुटांत अर्ध्या इंचाचा फरक होता, तो ग्रॅनाइट भिंतीत घेऊन झाकला. टाइल्स ग्रॅनाइटच्या वर बसल्या, म्हणजे ओटा धुतलेलं पाणी मागे उतरणार नाही. स्कर्टिंग पायांना क्लिपनं अडकवलेलं, ओढलं की निघणारं. गणपती वेळेत बसले. रंगवाला मात्र दुसऱ्या दिवशीही खिडकीत होता.

अपवादांचं बोलले होते. घोडबंदर रोडला नव्या इमारतीत एका जोडप्याला बिल्डरची चकचकीत लादी नको होती, लाकडासारखी दिसणारी, खटकन बसणारी एसपीसी पट्टी हवी होती. तिथे मी कॅबिनेटं आधी बसवली, बिल्डरच्या लादीवर. पट्टी मागून आली, फट सोडून स्कर्टिंगच्या आत सरकली. जाडी पाच मिलिमीटर, तेवढी आधीच उंचीत धरली होती. खाली मूळ लादी भिंतीपर्यंत होतीच, त्यामुळे पाण्याचीही काळजी नव्हती. त्या वेळी मला न्यू जर्सीवाला आठवला.

दुसरा अपवाद, कॅबिनेटं चांगली आहेत, फक्त लादी जुनी झालीय. तेवढ्यासाठी कॅबिनेटं उखडण्यात अर्थ नसतो. स्कर्टिंग काढायचं, जुन्या लादीवर अॅडहेसिव्हनं नवी लादी पुढच्या पायांपर्यंत न्यायची, स्कर्टिंग खालून अर्धा इंच कापून परत अडकवायचं. ओटा अर्धा इंच खाली आल्यासारखा होतो, दारं खालून तासावी लागतात. कॅबिनेटं पायांवर आहेत म्हणून हे जमतं. जमिनीत रोवलेल्या कडप्प्याच्या ओट्याला हे जमत नाही, आणि ओट्याखाली मशीन बसवलेलं असेल तर ते आधी बाहेर काढून मापून घ्यायचं. नव्या लादीनं पुढे उंबरा केला की ते आत अडकतं. दुरुस्तीला माणूस आला की एकतर ग्रॅनाइट उचला नाहीतर लादी फोडा.

दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. स्कर्टिंगखालून पाणी येतंय. प्लंबर गेला, सिंकखालची चकती घट्ट केली, स्कर्टिंग काढून लादी पुसली, परत लावलं. चहा होईपर्यंत काम संपलं होतं. खालच्या मजल्यावर काही कळलंही नाही. काकांनी त्या दिवशी मला वहीचा फोटो पाठवला, १,५६० वर आडवी रेघ मारलेला.

मुलगा मला अजून अधूनमधून मेसेज करतो. तिकडे त्यानं घेतलेल्या घराचं किचन आता तो बदलणार आहे. कॅबिनेटं आधी की फ्लोअर आधी, असं त्यानं विचारलं नाही, ते त्याचं ठरलेलं होतं. मी एवढंच लिहिलं की आधी डिशवॉशर ओढून बाहेर येतोय का ते बघ. थोड्या वेळानं फोटो आला. आधीच्या मालकानं घातलेल्या लाकडी पट्ट्या मशीनच्या तोंडाशी येऊन थांबल्या होत्या, पाऊण इंच उंच, आणि वर दगडाचा ओटा एका बोटाचीही जागा न सोडता बसला होता. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘मॅडम, आता हा काढायचा कसा?’